वरच्या आरपीएमला इंजिनाची ताकद तुटतेय? व्हॉल्व्ह स्प्रिंग कशा तपासायच्या आणि रोजच्या गाडीसाठी कोणत्या निवडायच्या

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "साडेसहा हजारांपर्यंत गाडी झकास ओढते, आणि मग मागून कुणी धरून ठेवल्यासारखी होते." बहुतेक वेळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) बदललेला असतो, टर्बोचा बूस्ट वाढवलेला असतो, नाहीतर नुकतंच हेड उतरवून बसवलेलं असतं. गाडी शर्यतीची नसते, रोजची असते. सकाळी थंड इंजिनावर निघते, सिग्नलला तापत उभी राहते आणि मोकळा रस्ता मिळाला की लाल रेषेपर्यंत जाते. अशा इंजिनांची हेडं मी बरीच वर्षं उघडतोय. रोजच्या गाडीत सगळ्यांत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग (उघडलेला व्हॉल्व्ह परत बंद करणारी) टिकत नाही. कॅमला आणि व्हॉल्व्हच्या वजनाला जुळणारी, बरोबर उंचीवर बसवलेली स्प्रिंग टिकते.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे ठरावीक आरपीएमला ताकद तुटणं. रेव्ह लिमिटरची (ठरावीक आरपीएमच्या वर इंजिनाला रोखणारी व्यवस्था) कट एकसारखी, ठोक्यात येते आणि दर वेळी त्याच आकड्यावर येते. स्प्रिंगमुळे तुटणारं इंजिन वेडंवाकडं अडखळतं, आवाज फाटतो, कधी इनटेककडून फटफट ऐकू येते. गिअर बदलून आरपीएम खाली आलं की सगळं पूर्ववत.

हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधली फट तेलाने भरून काढणारे भाग) असतील तर आणखी एक खूण मिळते. वरून खाली आल्यावर काही क्षण इंजिन खडबडीत चालतं आणि मग आपोआप गुळगुळीत होतं. व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडतो तेव्हा मधे सुटलेली जागा टॅपेट तेलाने भरून काढतो. मग व्हॉल्व्ह परतला तरी पूर्ण बसत नाही. टॅपेटमधलं जादा तेल निघून जाईपर्यंत त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन मिळत नाही.

माझ्या लेखी सगळ्यांत बोलकी खूण ही, की तो आकडा हळूहळू खाली सरकतो. आधी 6,800 ला तुटायचं, काही महिन्यांनी 6,500, मग 6,200. स्पार्क किंवा पेट्रोलचा दोष इतका शिस्तीत सरकताना मी क्वचित पाहिलाय.

एक लक्षण मात्र वेगळं काढून सांगतो. आयडललाही एकाच सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न जळणं) आणि सोबत हेडमधून टकटक असेल तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. तेव्हा "घरापर्यंत नेतो" म्हणू नका. इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. स्प्रिंगचा उरलेला तुकडा रिटेनरला (स्प्रिंगच्या डोक्यावरची टोपी) तिरका दाबतो. रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांडीशी अडकवणारे लॉक सुटले की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, आणि मग पिस्टन, हेड, कधी ब्लॉकसुद्धा हाती लागत नाही.

हे होतं कशामुळे

कॅम व्हॉल्व्ह उघडतो, बंद करायचं काम एकट्या स्प्रिंगचं. व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक, रॉकर किंवा बकेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे भाग) यांचं वजन ती दर फेरीला मागे खेचून आणते. हा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. लिमिटर 6,500 वरून 7,200 ला नेला तर आरपीएम वाढतं जेमतेम 11 टक्के, पण जडत्वाचा भार वाढतो सुमारे 23 टक्के. "फक्त सातशेच तर वाढवलेत" म्हणणाऱ्यांना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो.

दुसरा शत्रू कंपनं. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक लय असते. कॅमचे धक्के त्या लयीशी जुळले की वेटोळ्यांतून वर-खाली लाटा धावतात, आणि ऐन गरजेच्या क्षणी दाब कागदावरच्यापेक्षा कमी पडतो. याला सर्ज म्हणतात. पोलादी स्प्रिंगची ही मर्यादा इतकी खरी आहे की 1986 मध्ये रेनोने फॉर्म्युला वनच्या टर्बो इंजिनात ती काढूनच टाकली आणि दाबाखालच्या वायूने व्हॉल्व्ह बंद केले. आपल्याला रोजच्या गाडीत पोलादावरच भागवायचंय.

तिसरी गोष्ट थकवा. 3,000 आरपीएमला तासभर गाडी चालली तर प्रत्येक व्हॉल्व्ह 90,000 वेळा उघडतो. रोज एक तास, वर्षातले 300 दिवस, म्हणजे 2 कोटी 70 लाख वेळा. शर्यतीच्या इंजिनात स्प्रिंगा ठरावीक तासांनी बदलतात. रोजच्या गाडीवाल्याला त्या वर्षानुवर्षं चालायला हव्या असतात.

पाना हातात घेण्याआधी

काहीही उघडण्याआधी गाडीचा इतिहास विचारा. हेड शेवटचं कधी उतरलं? सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) आणि व्हॉल्व्ह घासले का? कॅम कोणता, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) किती, त्याच्यासोबत स्प्रिंगा बदलल्या की जुन्याच ठेवल्या? आणि एक प्रश्न लोकांना अवघड वाटतो, तरी विचाराच: चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला होता का? तेव्हा इंजिनाला चाकं फिरवतात. लिमिटर पेट्रोल किंवा स्पार्क तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. तो एक क्षण चांगल्या स्प्रिंगांचं आयुष्य संपवू शकतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनला टेकवून वाकवूही शकतो.

मग स्कॅनर लावा. पी0300 म्हणजे मिसफायर कुठेही, विखुरलेला. पी0301 पासून पुढे एकेका सिलिंडरचे कोड. सगळ्या स्प्रिंगा सारख्याच थकल्या असतील तर मिसफायर विखुरलेला दिसतो. एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा येत असेल तर तुटलेली स्प्रिंग, जळालेला व्हॉल्व्ह किंवा सरळ त्या सिलिंडरचा प्लग नाहीतर कॉइल असू शकते.

स्वस्त संशयित आधी संपवा

स्प्रिंगांवर आळ घेऊन आलेल्या कितीतरी गाड्या प्लग बदलून परत गेल्यात. बूस्ट वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला प्लगची तीच फट ओलांडणं जड जातं. वरच्या आरपीएमला, पूर्ण लोडवर ती विझते, आणि लक्षण हुबेहूब व्हॉल्व्ह फ्लोटसारखं (स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्हने कॅमचा पाठलाग सोडणं) दिसतं. म्हणून फट मोजा, शंका असेल तर कॉइलांची अदलाबदल करा. मिसफायर कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला तर हेड उघडायची गरजच नाही.

त्यानंतर एअर फिल्टर, आणि लोडखाली पेट्रोलचा दाब. आयडलला दाब बरोबर दिसला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. गाडी ओढत असतानाचा आकडा हवा. तेलाची पातळी आणि ग्रेडही बघा. पातळी कमी असेल किंवा तेलात फेस होत असेल तर हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा जाते. शिवाय स्प्रिंगला थंड ठेवणारं दुसरं काही नसतं, वरून उडणारं तेलच तिची उष्णता वाहून नेतं.

एक फरक उपयोगी पडतो. गाडी उभी असताना, लोड नसताना हळूहळू आरपीएम चढवा. स्पार्क आणि पेट्रोलचे दोष बहुधा लोडवरच दिसतात. फ्लोट लोड नसतानाही त्याच आकड्याच्या आसपास येतो. पण हे एकदाच करा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करा आणि अडखळलं की लगेच पाय काढा. खात्री पटावी म्हणून पाच वेळा करणं म्हणजे थकलेल्या स्प्रिंगला तोडायला घेणं.

व्हॅक्यूम गेज, कॉम्प्रेशन, लीकडाउन

व्हॅक्यूम गेज जुनं साधन आहे, पण याबाबतीत अजूनही चोख सांगतं. इनटेक मॅनिफोल्डला लावून आरपीएम चढवत न्या. स्प्रिंगा ढिल्या असतील तर वेग वाढेल तशी सुई जास्त जोरात थरथरते. याच्या उलट, आयडलला थरथरणारी आणि वेग वाढल्यावर स्थिरावणारी सुई गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजल्याचं सांगते. मोठ्या ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) कॅम असेल तर आयडलला सुई तशीही डोलते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून स्प्रिंगा चांगल्या असं मात्र समजू नका. कॉम्प्रेशन टेस्ट स्टार्टरच्या मंद वेगावर होते, आणि त्या वेगाला मेलेली स्प्रिंगही व्हॉल्व्ह बंद करते. या टेस्टचा उपयोग दुसरा: आकडा कमी आला तर वाकलेला किंवा जळालेला व्हॉल्व्ह आहे का ते कळतं. मग लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती बघणं) करून हवा इनटेकमधून फुसफुसते की सायलेन्सरमधून ते ऐका. इथे गळती सापडली तर नुसत्या स्प्रिंगा बदलून काही होणार नाही, हेड उतरवावंच लागेल.

कव्हर उघडल्यावर

टॉर्च लावून प्रत्येक स्प्रिंग सावकाश फिरून बघा. तुटलेली स्प्रिंग दर वेळी दोन तुकड्यांत लोंबत नसते. बऱ्याचदा वेटोळी एकमेकांत अडकून बसतात आणि स्प्रिंग फक्त थोडी बुटकी दिसते. शेजारचीशी उंची ताडून बघा. सगळे रिटेनर एका पातळीत आहेत का तेही बघा. सॉलिड टॅपेट असतील तर फीलर गेजने क्लिअरन्स मोजा. तो फार कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि लक्षणं बरीच मिळतीजुळती येतात. कॅमच्या लोबवर (व्हॉल्व्हला ढकलणारा उंचवटा) बोट फिरवा. खाच लागली तर आधीच जास्त कडक स्प्रिंग बसवलेली असण्याची शक्यता धरा.

मध्यंतरी एक तुटलेली स्प्रिंग हाती आली, ती मी अजून टेबलावर ठेवलीय. तार सरळ आडवी तुटलेली नाही, साधारण 45 अंशांत तिरकी तुटलीय. पीळ खाऊन थकलेली तार अशीच तुटते. तुटलेल्या तोंडाच्या कडेला, अगदी पृष्ठभागावर, मोहरीपेक्षा लहान गंजाचा ठिपका आहे. तिथून गुळगुळीत भाग पंख्यासारखा आत पसरत गेलाय आणि पुढे सगळं खरखरीत. म्हणजे भेग त्या ठिपक्यापासून निघाली, कित्येक दिवस मुंगीच्या पावलांनी आत सरकली, आणि उरलेली तार एका झटक्यात गेली. गाडी काही महिने दमट जागी नुसती उभी होती, एवढंच कारण. म्हणून नव्या स्प्रिंगा पक्कडीने पकडायच्या नाहीत, त्यांच्यावर खूण कोरायची नाही, अॅसिडच्या क्लीनरमध्ये बुडवायच्या नाहीत आणि तेल लावल्याशिवाय ठेवायच्या नाहीत. चांगल्या स्प्रिंगचा पृष्ठभाग शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून मुद्दाम मजबूत केलेला असतो. आपल्या हातचा एक ओरखडा ती सगळी मेहनत वाया घालवतो.

उंची मोजा, तिथेच उत्तर असतं

माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष स्प्रिंगमध्ये नसतोच. स्प्रिंग चांगली असते, ती चुकीच्या उंचीवर बसवलेली असते.

एक उदाहरण घेऊ. स्प्रिंग 38 मिमी उंचीवर बसवल्यावर 35 किलो दाब देते, आणि दर मिलिमीटर दाबल्यावर 4 किलो वाढतो. कॅमची लिफ्ट 11 मिमी असेल तर पूर्ण उघड्या स्थितीत दाब होतो 35 अधिक 44, म्हणजे 79 किलो. आता हेडचं काम करताना सीट आणि व्हॉल्व्ह घासले गेले, व्हॉल्व्ह मिलिमीटरभर आत बसला आणि त्याची दांडी वरून तेवढीच जास्त बाहेर आली. बसवलेली उंची झाली 39, सीटवरचा दाब 31. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण 11 टक्के दाब गेला. "हेडचं काम झाल्यापासूनच वर ओढत नाही" या तक्रारीमागे मला बहुतेकदा हाच एक मिलिमीटर सापडतो.

उपाय शिमचा, म्हणजे पातळ चकतीचा. स्प्रिंगखाली योग्य जाडीची शिम टाकून उंची पूर्ववत करायची. पण शिमने दाब वाढवायचा मोह आवरा. याच स्प्रिंगची सगळी वेटोळी एकमेकांना टेकतात तेव्हा तिची उंची 24.5 मिमी आहे असं धरा. पूर्ण लिफ्टला उंची 27, म्हणजे 2.5 मिमी जागा शिल्लक. दाब हवा म्हणून 1.5 मिमीची जादा शिम टाकली तर उरला 1 मिमी. मी सर्वसाधारणपणे 1.5 मिमीच्या खाली जात नाही. काही बीहाइव्ह (वर निमुळत्या) स्प्रिंगांना उत्पादक यापेक्षा कमी जागा चालवून घेतो, तेव्हा त्याचाच आकडा पाळा. वेटोळी टेकली तर कॅम, रॉकर किंवा रिटेनर यांपैकी जो कच्चा असेल तो मोडतो. पूर्ण लिफ्टला रिटेनरचा खालचा भाग ऑइल सीलपर्यंत पोचतो का, हेही याच वेळी मोजा. मोठ्या लिफ्टचा कॅम बसवल्यावर सील फुटून इंजिन तेल खायला लागतं, ते यामुळेच.

प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळा मोजायचा. सोळा असतील तर सोळा. एका हेडमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज निघतो.

स्प्रिंग काढलेलीच असेल तर ती गोनियात उभी करून तिरकी झालीय का बघा, मोकळी उंची मोजा आणि टेस्टरवर बसवलेल्या उंचीला दाब घ्या. उत्पादकाची मर्यादा दिलेली असेल तर ती अंतिम. नसेल तर 10 टक्के दाब गेला की मी ती स्प्रिंग परत बसवत नाही. आणि एक बदलायची तर सगळा संच बदलायचा, कारण बाकीच्यांनीही तितकेच फेरे खाल्लेले असतात.

मग निवडायची कोणती

पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे, पण तेच बरोबर: कॅम बनवणाऱ्याने जी स्प्रिंग सांगितलीय ती. लिफ्ट सारखी असलेल्या दोन कॅमपैकी एक व्हॉल्व्ह झपकन उघडतो-मिटतो, दुसरा सावकाश. पहिल्याला जास्त दाब लागतो. हे नुसती लिफ्ट बघून कळत नाही, लोबचा आकार काढणाऱ्यालाच माहीत असतं. रोजच्या गाडीसाठी मी नेहमी सौम्य लोबचा कॅम सुचवतो. वरचे दोन-तीन अश्वशक्ती जातात, पण स्प्रिंगांचं आयुष्य कितीतरी वाढतं.

टर्बो असेल तर बूस्टचा हिशोब वेगळा करा. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा दाब असतो आणि तो व्हॉल्व्ह उघडायला बघतो. 34 मिमीच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सुमारे 9 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1 बार बूस्टला साधारण 9 किलो. सीटवरच्या 35 किलोंपैकी हातात उरतात 26. एक्झॉस्टच्या बाजूलाही टर्बाइनमागे साचलेला दाब तेच करतो. बूस्ट वाढवून स्प्रिंगा जुन्याच ठेवलेल्या गाड्या याच ठिकाणी अडकतात.

आकाराबाबत माझा कल बीहाइव्हकडे आहे, म्हणजे वर निमुळती होत गेलेली स्प्रिंग. वरचा रिटेनर लहान आणि हलका बसतो. वेटोळ्यांचा व्यास बदलत गेल्यामुळे एकाच लयीत लाटा धावायला वाव कमी मिळतो. हलत्या वजनातला एकेक ग्रॅम कमी केला तर तेवढाच दाब कमी लागतो, आणि कमी दाब म्हणजे कॅम, टॅपेट, सीट सगळ्यांचं आयुष्य. तिचा एक तोटा प्रामाणिकपणे सांगायला हवा: ती एकटी असते. दुहेरी स्प्रिंगमध्ये बाहेरची तुटली तर आतली निदान व्हॉल्व्हला धरून ठेवते. लिफ्ट खूप मोठी असेल किंवा आरपीएम कारखान्याच्या मर्यादेच्या फार वर न्यायचं असेल तर मी दुहेरीकडे वळतो.

तार क्रोम-सिलिकॉन पोलादाची घ्या. क्रोम-व्हॅनेडियमपेक्षा ती उष्णतेत दाब जास्त टिकवते, आणि ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या इंजिनाला तेच हवं असतं. रिटेनर चांगल्या टूल स्टीलचा पुरे. टायटॅनियमचा हलका असतो खरा, पण स्प्रिंग घासून तो झिजतो. त्याला वारंवार उघडून बघावं लागतं, आणि रोजच्या गाडीचं कव्हर कोण दर थोड्या दिवसांनी उघडतं? लॉक आणि रिटेनर यांचा कोन एकच आहे ना, हे नक्की बघा. 7 अंशांचे लॉक 10 अंशांच्या रिटेनरमध्ये कधीच बसवायचे नाहीत. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्प्रिंगखाली पोलादी सीट हवीच, नाहीतर स्प्रिंग हेडच कुरतडते.

आणि "थोडी जास्तच कडक घेऊ, पुढे कामाला येईल" हे नको. जादा दाबाने लोब झिजतात, व्हॉल्व्ह सीटवर आपटतो आणि इंजिन स्वतःच्याच स्प्रिंगांशी कुस्ती खेळत राहतं.

बसवताना, आणि कुठे थांबायचं

हेड न उतरवताही स्प्रिंगा बदलता येतात. पिस्टन टॉप डेड सेंटरला (त्याच्या सर्वांत वरच्या जागी) आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब देतात म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. पण पिस्टन जरा जरी पुढेमागे असेल तर हवा तो खाली ढकलते आणि क्रँक फिरतो. क्रँकच्या नटावर पाना अडकलेला असेल तर तो हाताचं हाड मोडू शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेल्या स्प्रिंगमधून सुटलेला लॉक गोळीसारखा येतो. हेडमधल्या तेलवाहिन्या चिंधीने बंद करा, तिथे पडलेला लॉक पुढे सरळ ऑइल पॅनमध्ये जातो.

कॉम्प्रेसर, उंची मोजायचा मायक्रोमीटर आणि स्प्रिंग टेस्टर यांपैकी काही नसेल तर कव्हर उघडून बघण्यापर्यंतच जा आणि पुढचं काम हेडचं काम करणाऱ्या मशीन शॉपकडे द्या. अंदाजाने शिम टाकू नका. चुकीच्या गिअरने इंजिन वर गेलं असेल, लीकडाउनमध्ये व्हॉल्व्हमधून हवा येत असेल, लोबला खाच असेल, गाईड हलत असेल किंवा हवा दिल्यावरही व्हॉल्व्ह सीटवर बसत नसेल, तर तिथेच थांबा. स्टार्टरही मारू नका. त्या गाडीला जाणत्या माणसाचे हात हवेत.

नव्या स्प्रिंगा बसवल्यावर पहिल्यांदा 1,500 ते 2,000 आरपीएमवर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग बंद करून हात लावता येईल इतकं नाही, तर पूर्ण थंड होऊ द्या. या पहिल्या चक्रात स्प्रिंग थोडा दाब सोडते आणि मग स्थिरावते. त्यानंतर सॉलिड टॅपेट असतील तर क्लिअरन्स पुन्हा मोजा. लिमिटर कॅमवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्हची बसवलेली उंची आणि दाब वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवा. पुढच्या वेळी कव्हर उघडेल तेव्हा तुलना करायला मूळ आकडा तिथेच मिळेल.